मागचे डावे चाक का धरत होते

गेल्या श्रावणात आम्ही इंदूरहून ओंकारेश्वरला दर्शनासाठी गेलो होतो. खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढचा घाट उतरून बडवाह, मग मोरटक्का आणि तिथून नर्मदाकाठ, असा हा सुमारे ८० किलोमीटरांचा आमचा नेहमीचा रस्ता आहे. घाटात पुढे मालाचे ट्रक होते, त्यामुळे उतरताना ब्रेक वारंवार दाबावा लागला. वाहनतळावर मिळालेली जागा उताराची होती, म्हणून पोहोचताच मी हँडब्रेक चांगला ओढून गाडी लावली. चार तासांनी परत निघताना हँडब्रेक सोडला, पहिला गिअर टाकला, तरी गाडी जागची हलेना. क्लच आणखी थोडा सोडल्यावर मागून 'टक्' असा आवाज झाला आणि ती एकदम सुटली. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या डब्याला आतून ब्रेक लागतो त्याला, गंज धरतो आणि पहिल्या हिसक्याला तो सुटतो, हे मला ठाऊक होते, म्हणून मी त्याकडे लक्ष दिले नाही. ती माझी चूक होती.

घाट चढताना मात्र गाडीत जीव नसल्यासारखे वाटू लागले. जिथे ती तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढत असे, तिथे दुसरा लागला. सिमरोलला चहासाठी थांबलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय." वास मागच्या डाव्या चाकाचा होता. रिमच्या जवळ नुसता हात नेला तरी धग लागत होती, आणि मागचे उजवे चाक जेमतेम कोमट होते. ब्रेकचा बराचसा भार पुढची चाके घेतात, त्यामुळे साधारणपणे तीच अधिक तापतात. मागचे एकच चाक पुढच्या दोन्ही चाकांहून गरम असणे हे बिघाडाचे स्पष्ट लक्षण होते. टपरीवाल्याने आपुलकीने पाण्याची बादली आणली, पण मी त्यांना थांबवले. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो आणि एवढ्या तापलेल्या ओतकामावर थंड पाणी पडले तर तो वाकडा होण्याची किंवा त्याला तडा जाण्याची भीती असते. अर्धा तास गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकाला दगड लावून उभी केली आणि नंतर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने, ब्रेक शक्य तितका टाळत, लोकमान्य नगरातल्या घरी आणली.

घरी आल्यावर मागचे काही आठवडे आठवून पाहिले. जुलैमध्ये आम्ही तीन आठवडे पुण्याला होतो आणि गाडी तेवढे दिवस, भर पावसात, हँडब्रेक ओढलेल्या अवस्थेत घरासमोर उभी होती. परतल्यापासून एका लिटर पेट्रोलमध्ये १७ किलोमीटर जाणारी गाडी १४वर आली होती. मी त्याचे खापर पावसाळ्यातल्या वाहतुकीवर फोडून मोकळा झालो होतो. मी हिशेबनीस आहे. नोंदवहीत तीन किलोमीटरांचा फरक दिसला असता तर त्याचा शोध घेतल्याशिवाय मी पान उलटले नसते, पण गाडीच्या बाबतीत तेवढी शिस्त मी पाळली नाही.

पुढचे दोन आठवडे दोन गॅरेजांत गेले. आपल्याकडे घरात आपण 'ब्रेक धरतोय' म्हणतो, इंदूरच्या गॅरेजात त्याला 'ब्रेक चिपक रहा है' म्हणतात, आणि दोन्ही शब्द दुखणे सांगतात, कारण सांगत नाहीत. पहिल्या ठिकाणी ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानी, आतून सैल करून दिले. त्याने पेडल खोल जाऊ लागले आणि आठवड्याभरात चाक पुन्हा तापू लागले. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही मागच्या चाकांचे ब्रेक शू नवे टाकले. ७०० किलोमीटर होईपर्यंत तोच वास परत आला. दोन्ही ठिकाणी माणसे कष्टाळू होती आणि काम माझ्या डोळ्यांसमोर झाले. पण चाक नेमके कोण धरून ठेवत आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि मीही विचारला नाही.

हा प्रश्न विचारला तो शेजारच्या नानांनी. नाना ७४ वर्षांचे आहेत आणि राज्य परिवहनच्या बसगाड्यांच्या कार्यशाळेत त्यांची सारी नोकरी झाली. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "शू बदललास, ठीक. पण शू स्वतःहून ड्रमला चिकटत नाही रे. त्याला कोणीतरी ढकलतं, नाहीतर कोणीतरी परत येऊ देत नाही. ते कोण, ते आधी शोधू. तोवर एक पैशाचं सामान आणू नकोस."

ड्रम ब्रेकमध्ये हे 'कोणीतरी' मोजकेच असतात. पायाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब चाकाच्या आतल्या लहान सिलेंडरमध्ये येतो आणि त्याचे दोन पिस्टन दोन्ही शूंना बाहेर ढकलतात. हाताने हँडब्रेक ओढला की केबल एका लिव्हरला खेचते आणि तो लिव्हर तेच शू पसरवतो. पाय आणि हात काढला की परत आणण्याचे काम फक्त स्प्रिंगांचे. परत येऊन शू कुठे थांबावेत हे दातेरी चाकाचा ॲडजस्टर ठरवतो. म्हणजे चाक धरून राहिले असेल तर एकतर तेलाचा दाब मागे जात नाही, किंवा पिस्टन अडकला आहे, किंवा केबल परत सरकत नाही, किंवा स्प्रिंग थकली आहे, किंवा शू ज्या पत्र्यावर टेकून सरकतात तिथेच अडतात, किंवा ॲडजस्टर अति कसलेला आहे. यातले प्रत्येक कारण इतरांपासून वेगळे काढता येते, आणि त्यातले निम्मे तर ड्रम न उघडता.

पहिले काम मोजण्याचे होते. करोनाच्या काळात घेतलेली, कपाळावर धरायची टेम्परेचर गन इथे उपयोगाची नसते, कारण तिची मर्यादा माणसाचा ताप मोजण्यापुरतीच असते. नानांच्या पुतण्याकडे, जो वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो, कारखान्यात वापरायची गन होती. बायपासवर १२ किलोमीटर गाडी चालवली, शेवटी ब्रेक जवळजवळ न वापरता ती आपोआप मंदावू दिली, आणि रिमच्या भोकांतून नेम धरून ड्रमचा गंजकट पृष्ठभाग मोजला. चकचकीत धातूवर ही गन खोटा आकडा दाखवते, म्हणून रिमवर नेम धरायचा नाही. मागचे उजवे चाक ४३ अंश सेल्सिअस होते आणि डावे ११८. दोन्ही बाजूंचा ताळा न जुळणे एवढे स्पष्ट असताना मी दोन आठवडे केवळ वासावर आणि हाताच्या स्पर्शावर विसंबलो होतो.

रविवारी सकाळी अंगणात सपाट फरशीवर गाडी घेतली. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावले, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक पूर्ण खाली ठेवला, मागची बाजू जॅकने उचलून दोन्हीकडे घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी आधार) लावल्या आणि मगच जॅकचा भार काढला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीच्या खाली हात घालायचा नाही, याबाबतीत नाना कोणाचेही ऐकून घेत नाहीत. माझ्या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवते, त्यामुळे मागची चाके अगदी मोकळी फिरायला हवीत. उजव्या चाकाला एक जोराचा हात दिला तर ते अडीच फेरे फिरले आणि हलकासा घासल्याचा आवाज करत थांबले. ड्रम ब्रेकमध्ये एवढे घासणे चालते. डावे चाक पाव फेराही गेले नाही.

मग नानांनी मला पेडल दाबून सोडायला सांगितले आणि लगेच चाक फिरवून पाहिले. पेडल सोडल्यावरही डावे चाक पाच-सहा सेकंद गच्च धरलेले राहिले आणि मग हळूहळू पूर्वीइतके सैल झाले. उजवे पेडल सोडताक्षणी सुटत होते. याचा अर्थ शू परत येत होते, पण उशिरा आणि अर्धवट. आता दोन शक्यता होत्या. चाकाकडे जाणारा रबरी होज पाईप जुना झाला की आतून फुगतो किंवा त्याचा पापुद्रा सुटतो. जाताना पायाच्या जोराने तेल पुढे जाते, पण परत येताना अडते. नाहीतर सिलेंडरमधला पिस्टनच जाम होत होता. या दोन्हींत निवड करायला एक साधी आणि फार खात्रीची परीक्षा आहे. मी पेडल दाबून सोडले आणि नानांनी तत्काळ सिलेंडरमागचे निपल, म्हणजे तेल आणि हवा बाहेर सोडायची छोटी तोटी, पान्याने अर्धा फेरा उघडले. तेल थेंबथेंब आले, आणि चाक तसेच धरलेले राहिले. "तेल अडकलं असतं तर निपल उघडताच पिचकारी उडाली असती आणि चाक सुटलं असतं," नाना म्हणाले. "दोन्ही झालं नाही. होज पाईप आणि मास्टर सिलेंडर संशयातून सुटले." मास्टर सिलेंडर म्हणजे पेडलच्या जोराने सगळ्या चाकांकडे तेल ढकलणारा मुख्य सिलेंडर; त्याचा दोष असता तर तो एकाच चाकापुरता सहसा राहिलाही नसता.

पुढची पाळी केबलची होती. आतल्या दोन आसनांमधले हँडब्रेकचे प्लास्टिकचे झाकण काढले आणि ज्या नटाने केबलचा ताण ठरतो तो पूर्ण सैल केला. डावे चाक आता एका हातात सव्वा फेरा फिरले. मला वाटले, दुखणे सापडले. पण नानांनी पुन्हा पेडल दाबून सोडायला लावले आणि चाक पुन्हा काही सेकंद धरले. म्हणजे कारण एक नव्हते, दोन होती, आणि एक दूर केले तरी दुसरे उरत होते. एकच दोष असतो अशी आपली समजूत असते आणि पहिला सापडला की आपण हत्यारे आवरतो. मी एकटा असतो तर त्या दिवशी केबल बदलून थांबलो असतो, आणि चौथ्यांदा गाडी उघडावी लागली असती.

त्या नटाकडे पाहताना आणखी एक गोष्ट दिसली, आणि या सगळ्या प्रकरणात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. नट आट्यांच्या जवळजवळ शेवटापर्यंत आवळलेला होता. शू झिजले की हँडब्रेकचा दांडा अधिक वर येऊ लागतो. तशी तक्रार मी वर्षभरापूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी केली होती आणि ती दूर करून मिळाली होती. ती अशी दूर केली गेली होती की आत शूंचे अंतर न जुळवता वरून केबलच ताणली होती. दांडा दोन-तीन टिकटिकांत घट्ट होतो, गिऱ्हाईक समाधानाने जाते. आत मात्र हँडब्रेकचा लिव्हर कायमचा थोडा ओढलेला राहतो. त्या लिव्हरला शूच्या पट्टीवर टेकण्यासाठी एक विसावा असतो. हँडब्रेक सोडल्यावर तो तिथे पूर्ण येऊन टेकला पाहिजे. तो टेकला नाही तर शू आधीच किंचित पसरलेले राहतात, आणि ब्रेक आपोआप जुळवून घेणाऱ्या दातेरी ॲडजस्टरला त्याची हालचालच मिळत नाही. म्हणजे वरून नट आवळण्याने ज्या यंत्रणेने आतले अंतर राखायचे तीच बंद पडते. आधी शू जुळवायचे, नंतर केबल, हा क्रम उलटा केला की त्याचे फळ कधी ना कधी मिळते.

ओंकारेश्वरचा 'टक्' आवाजही आता उलगडला. घाट उतरताना ड्रम तापून किंचित फुगला होता. तशा तापलेल्या, मोठ्या झालेल्या ड्रमवर मी हँडब्रेक ताकदीने ओढला. चार तासांत ड्रम थंड होऊन आकसला आणि शूंवर आवळून बसला. केबल मोकळी असती तर दांडा सोडताच ते सुटले असते, पण केबल परत सरकलीच नाही.

ड्रम काढायला वेळ लागला. चाक उतरवल्यावर ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोके दिसतात. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत गेले की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोडीने कडेवर ठोकण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्याने कडेचा टवका उडतो आणि बेअरिंगलाही इजा होते. ड्रमचा आतला भाग जागोजागी निळसर पडला होता. आतली धूळ आम्ही फुंकली नाही आणि हवेच्या पाईपानेही उडवली नाही. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूंवरच्या घासणाऱ्या पट्ट्यांत, ॲस्बेस्टॉस असे, आणि नसले तरी ती धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नसते. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने ती टिपून घेतली. नानांचा दुसरा नियम असा की एका वेळी एकच बाजू उघडायची. उजवी बाजू जुळलेली ठेवली की कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात जाते हे पाहायला नमुना समोर राहतो. मी तरीही फोनवर छायाचित्रे काढली.

लिव्हर विसाव्यापासून सुमारे चार मिलिमीटर दूर होता. केबल सोडवून बाहेर काढली, तेव्हा मागच्या ॲक्सलपाशी ती जिथे वळण घेते तिथले रबरी टोपण फाटलेले दिसले. तिथून दर पावसाळ्यात पाणी आणि चिखल आत जात होता. आम्ही दोघांनी दोन टोके धरून आतली तार ओढली तर ती करकर आवाज करत सरकली आणि सोडल्यावर तिथेच राहिली. तेल सोडून मोकळी करता येईल का, असे मी विचारले. नानांचे उत्तर होते की तेलाने ती महिनाभर चालेल. आत तारेच्या बाहेरून प्लास्टिकचे अस्तर असते, ते गंजाने एकदा खरवडले की तार पुन्हा अडणारच. हे मला पटले.

पिस्टनचा शोध त्याहून सोपा निघाला. आम्ही शूंवरून स्प्रिंगा काढल्या आणि सिलेंडरचे दोन्ही पिस्टन अंगठ्याने आत दाबून पाहिले. पुढच्या बाजूचा मऊपणे आत गेला. मागच्या बाजूचा दोन्ही अंगठ्यांनी दाबूनही जेमतेम हलला. सिलेंडरच्या टोकावरच्या रबरी टोपणाची (बुटाची) कड उचलली तर आत तांबडा चिखल होता. पिस्टन काढल्यावर नळीच्या तळाशी, जिथे ओल साचते तिथे, गंजाचे खोल ठिपके दिसले. वरवरचा गंज बारीक काचकागदाने जातो आणि मग नुसते रबर किट बदलून भागते, पण खड्डे पडलेल्या नळीत नवे रबर लवकर फाटते आणि तेल गळू लागते. त्यामुळे सिलेंडरच बदलायचा ठरला, आणि दोन्ही बाजूंचे एकदम, कारण दुसऱ्याने तेच वय आणि तेच तेल भोगले होते.

ते तेल पाहून मला खरेच वाईट वाटले. नवे ब्रेक ऑइल फिकट पिवळे असते; आमचे काळ्या चहासारखे होते. गाडी माझ्याकडे सहा वर्षे आहे आणि या सहा वर्षांत ते एकदाही बदलले नव्हते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, हा त्याचा स्वभावच आहे. ती ओल लोखंडी सिलेंडरला आतून गंज लावते, आणि तेलाचा उत्कलनबिंदूही खाली आणते. डॉट ३ प्रतीचे कोरडे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्या तेलासाठी तीच किमान मर्यादा १४० अंश धरलेली आहे. डावा ड्रम साध्या सपाट रस्त्यावर, ब्रेक न वापरता, ११८ अंशांवर होता. घाट उतरताना तो कितीवर गेला असेल, आणि तेलाची वाफ झाली असती तर पेडल थेट तळाला गेले असते, हे समजल्यावर गाडीत मागे मुलगी आणि तिची आजी बसलेली होती हेच मला दिसत राहिले.

बाकीचे किरकोळ होते. शूंच्या कडा मागच्या पत्र्यावर सहा जागी टेकतात आणि तिथे झिजेने लहान खाचा पडल्या होत्या. त्या कानशीने सपाट केल्या आणि उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचे अगदी पातळ बोट लावले, कारण जास्त लावलेले ग्रीस वितळून लायनरवर जाते. स्प्रिंगांचा रंग जळला होता आणि मोकळ्या धरल्या तरी त्यांच्या वेढ्यांमध्ये फट दिसत होती, म्हणजे ताण गेला होता. शू मला राखायचे होते, कारण ते नवेच होते. पण डाव्या शूंचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते, आणि एकाच ॲक्सलच्या दोन बाजूंचे शू वेगवेगळे ठेवले तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. नाराजीने का होईना, चारही शू पुन्हा घ्यायचे ठरवले.

सामान छोटी ग्वालटोलीतून आणले. जुना सिलेंडर सोबत नेला होता, कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांत नळीचा व्यास बदललेला असू शकतो. व्यास मोठा आला तर तेवढ्याच दाबात मागची चाके अधिक जोराने धरतात आणि ओल्या रस्त्यावर आधी घसरतात. दोन सिलेंडर, दोन्ही बाजूंच्या केबली, स्प्रिंगांचे दोन संच, शू आणि अर्धा लिटर डॉट ३ तेल मिळून ४,२०० रुपये झाले. आधीच्या दोन दुरुस्त्यांचा खर्च याच्या निम्म्याहून अधिक होता.

जोडणी करताना दोन गोष्टी सांभाळल्या. डाव्या आणि उजव्या ॲडजस्टरचे आटे उलट दिशांचे असतात. त्यांची अदलाबदल झाली तर ते ब्रेक कसण्याऐवजी सैल करत जातात. आणि सिलेंडरच्या रबरांच्या आसपास पेट्रोल, डिझेल किंवा इंजिनचे ऑइल येऊ दिले नाही, कारण त्यांनी ही रबरे फुगतात आणि पिस्टन पुन्हा जाम होतो. पुसायला ब्रेक क्लीनर आणि ओले करायला ब्रेक ऑइलच वापरले. बोनेटखाली रंगावर थोडे तेल सांडले ते लगेच पाण्याने धुतले. नाहीतर रंगाचे पोपडे निघाले असते.

सिलेंडर बदलताना तेलाच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला तिसरे माणूस लागते. मुलगी पेडलवर बसली, मी निपलपाशी, आणि नाना डबीतल्या तेलाच्या पातळीवर नजर ठेवून. "दाब," मी म्हणायचो, ती दाबून "धरलंय, बाबा" म्हणायची, मी निपल उघडायचो, नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे, मी निपल बंद करायचो, आणि मगच "सोड." निपल उघडे असताना पाय वर आला तर हवा आत ओढली जाते, त्यामुळे या तीन शब्दांत घाई चालत नाही. मागच्यांनंतर पुढच्या चाकांचेही तेल बदलले, आणि नळीतून फिकट, स्वच्छ तेल येईपर्यंत थांबलो नाही.

मग क्रमाने जुळवणी केली. केबलचा नट पूर्ण सैल ठेवून आधी शू जुळवले: मागच्या पत्र्याच्या खिडकीतून ॲडजस्टरचे दातेरी चाक गाडीचे चाक फिरायचे थांबेपर्यंत कसले, मग काही दाते मागे घेतले, पेडल दोन-तीनदा जोराने दाबून शू मध्यावर बसू दिले आणि पुन्हा फिरवून पाहिले. दोन्ही चाके एका हातात जवळजवळ सारखी, दोन फेऱ्यांहून थोडी अधिक फिरू लागल्यावरच केबलकडे वळलो. नट एवढाच आवळला की दांडा सहाव्या टिकटिकेला दोन्ही चाके पक्की धरेल आणि पूर्ण खाली असताना दोन्ही लिव्हर विसाव्यावर टेकलेले राहतील. हे टेकणे नानांनी विजेरी लावून दोन्ही बाजूंना स्वतः पाहिले.

संध्याकाळी त्याच बायपासवर तेच १२ किलोमीटर गाडी चालवली. उजवे चाक ४४ अंश, डावे ४६. पहिले ३०० किलोमीटर मी जोराचा ब्रेक टाळला, म्हणजे नवे लायनर ड्रमवर नीट बसतील. पुढच्या महिन्यात पुन्हा ओंकारेश्वरला गेलो. या वेळी घाट दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या रोधावर उतरलो, आणि वाहनतळावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला, हँडब्रेक ड्रम निवल्यानंतर ओढला. येताना घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढला आणि सिमरोलला मोजले तेव्हा दोन चाकांत तीन अंशांचा फरक होता.

१,००० किलोमीटरनंतर दांडा सहाऐवजी आठव्या टिकटिकेला धरू लागला. नव्या केबली थोड्या ताणल्या जातात हे नानांनी आधीच सांगितले होते, आणि वरचे झाकण काढून नट दोन फेरे फिरवायला पाच मिनिटे लागली असती. आम्ही गाडी पुन्हा घोड्यांवर घेतली, खिडकीतून शूंचे अंतर तपासले, ते बरोबर असल्याचे पाहिले, आणि त्यानंतर नटाला हात लावला.